वाळूचं तापमान

सासूबाईंनी तांबड्या पेन्सिलीनं
कॅलेंडरवर गोल काढलेत :
सहा, आठ, दहा, बारा.
सम रात्री मुलग्याच्या.
विषम रात्रीची आमची जुई.

भरती बघून, असंही त्या म्हणाल्या,
गॅसपाशी उभ्या, माझ्याकडे न बघता.
ओहोटीला पोरी होतात.
म्हणजे गावखडीच्या खाडीत
दिवसातून दोनदा मुलगे आत येतात
आणि दोनदा मुली बाहेर जातात.

पूर्णगडची वत्सूमावशी पुडी देऊन गेली.
पाडा झालेल्या गाईच्या दुधातून घ्यायची,
उगवतीकडे तोंड करून, न चावता.
वाडीत दुभत्या गाई दोन,
दोघींनाही पाड्या.
मग बेणकरांच्या म्हशीवर भागवलं.
तिचं पारडू नर होतं,
तेवढं चालतं म्हणाली.

माझं मीठ वाढवलं. सुका बांगडा, खारातली कैरी.
दही बंद. डावी कूस बंद.
उजव्या कुशीवर झोपून झोपून
भिंतीवरच्या पालीशी माझी चांगली ओळख झाली.

नणंदेनं फोनवर तक्ता धाडला :
आईचं वय आडवं, महिना उभा,
रेघा भेटतात तिथे
निळा चौकोन किंवा गुलाबी.
मी गुपचूप सासूबाईंचं वय घालून पाहिलं,
नणंदेच्या वेळचं.
नणंद निळ्या चौकोनात निघाली.

आणि दिरांच्या ओळखीचा तो एजंट,
घाटावरचा, पावती न देणारा.
तिथे म्हणे बी धुतात,
हलकं वेगळं, जड वेगळं,
जेटीवर आम्ही कोळंबी निवडतो तसं.
भिंतीवर कायद्याची पाटी असते.
पाटीखालीच बसवतात.

दिगंबर यातलं काही बोलत नाही.
तो सुरूच्या बनापुढे, जाळीच्या कुंपणात
कासवांची अंडी राखतो.
वाळूत हातभर नळी घालून पारा बघतो,
वहीत लिहितो.
एकदा जेवताना म्हणाला,
अंडं घालताना काहीच ठरलेलं नसतं.
वाळू तापली की माद्या,
गार राहिली की नर.
यंदा फार तापलीय.
साहेब म्हणाले, वर हिरवं कापड बांधा,
थोडे नरही लागतील.

सासूबाईंचा घास हातातच राहिला.
"म्हणजे सावली केली की मुलगे?"
"कासवांना, आई."

त्या रात्रीपासून माझ्या उशाशी
तांब्याभर माठाचं पाणी येतं.
पंखा माझ्याकडे वळवलेला असतो.
मला हसू आलं.
मग नाही आलं.

काल आठवी रात्र. गोल दोनदा गिरवलेला.
मी जुईचा हात धरून किनाऱ्यावर गेले.
अकरा नंबरचा खड्डा मधोमध
वाटीएवढा खचला होता,
आणि वाटी उकळत होती :
काळी डोकी, एकमेकांच्या पाठीवर पाय.
दिगंबरनं टोपलीत मोजली. त्र्याऐंशी.
जुई म्हणाली, यातल्या मुली कुठल्या?
त्यानं एक उचललं, लाल टॉर्चखाली धरलं,
मग दुसरं, मग दोन्ही खाली ठेवली.
"बघून कळत नाही गं.
मोठी होईपर्यंत कुणालाच नाही."

वही माझ्या मांडीवर होती.
रकाने : खड्डा, अंडी, जिवंत, मेली, वारा.
तेवढेच. मी पान उलटून पाहिलं,
पुढच्या पानावरही तेवढेच.
जिवंतच्या खाली त्र्याऐंशी लिहिलं.
वारा दिगंबरनं सांगितला, वायव्येचा.

टोपली ओल्या वाळूवर आडवी केली.
ओहोटी होती.
सगळी गेली.

घरी आलो तेव्हा उजाडायला आलं होतं.
जुई झोपली नाही.

आता कॅलेंडरवर प्रत्येक तांबड्या गोलाला
चार पाय आणि एक डोकं फुटलंय.
पाचाला, सातालाही नवे गोल, नवे पाय,
अमावास्येला तर शेपूटसुद्धा.
सासूबाई चष्मा पुसून पुसून बघतायत.
जुई पायरीवर बसून
पेन्सिलीला टोक काढतेय.